हरिदासची सवत

हरिदास बारसागडेचे पाय झोपेतसुद्धा थांबत नसत. डावा खाली, उजवा वर; उजवा खाली, डावा वर. लग्नानंतर पहिले काही दिवस त्याची बायको कमला दचकून उठायची. पुढे तिला उमगलं, की नवऱ्याला झटके येत नाहीत, नवरा पेटी वाजवतो आहे. चादरी पायाशी फाटायला लागल्या तेव्हा तिने तिथे एक पोतं टाचून दिलं आणि विषय संपवला. "लोकायचे नवरे घोरतेत," ती शेजारणींना सांगायची, "माहा सायकल चालवते."

पायपेटी म्हणजे टेबलाएवढा उभा ऑर्गन. खाली दोन पावट्या असतात. त्या पायांनी दाबत राहिलं की भात्यात हवा भरते, आणि वर दोन्ही हातांनी सूर काढायचे. आपल्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नाटकात राजा नसला तरी चालेल, विनोदी नट आजारी पडला तरी निभावेल, पण रंगमंचासमोर पायपेटीवाला दिसला नाही तर पब्लिक सतरंज्या गुंडाळून घरी जाईल.

आरमोरीच्या नूरुद्दीनभाईंच्या नाटक कंपनीत हा मान हरिदासचा होता. नूरुद्दीनभाईंचं मूळ दुकान ड्रेपरीचं. राजाचे मुकुट, राक्षसांच्या मिशा, साहेबाचे कोट, सगळं भाड्याने मिळायचं आणि सगळ्याला डांबराच्या गोळ्यांचा एकच वास यायचा. त्या वासात हरिदास तरणाबांड आला आणि तिथेच त्याचे केस पिकले. किती गाणारे त्याने तारले! कोणाचा सूर खाली आला तर हा पेटी त्याच्याकडे वळवी. कोणी ओळ विसरला तर हा ती ओळ अशी वाजवी, की शब्द आपोआप तोंडात यावेत. बेसूर माणसालाही त्याच्या पेटीवर उभं राहिलं की आपण गवई असल्याचा भास होई. काहींचा तो भास अजून गेलेला नाही.

आणि त्याची खरी करामत दिसायची ती बक्षिसाच्या वेळी.

झाडीपट्टीचा प्रेक्षक मोठ्या मनाचा. एखादं गाणं भावलं, तर ते संपायची वाट पाहत नाही. तिथल्या तिथे बक्षीस पाठवतो. मग गाणं थांबतं. माईकवरून देणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, गाव, असलाच तर हुद्दा, सगळं खणखणीत सांगितलं जातं. नट हात जोडतो. आणि गाणं जिथे थांबलं होतं, तिथून पुढे सुरू. प्रसंग कोणताही असो. मेलेला बापसुद्धा उठून हात जोडतो आणि पुन्हा मरतो. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, कारण नाटकातला बाप उद्या दुसऱ्या गावात मरणारच असतो. आपलं नाव मात्र वर्षातून एकदाच माईकवर येतं.

माईकवाल्याने घसा खाकरला की हरिदास पाय उचलायचा. पेटी श्वास रोखल्यासारखी गप्प. नाव झालं, हात जोडून झाले, की पाय खाली, आणि सूर तुटल्या जागी असा जोडला जायचा की शिवण दिसू नये.

कमलाने मात्र त्याला वाजवताना कधी पाहिलं नव्हतं. पेटीवाला बसतो रंगमंचाकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून. "तुमची पाठ तं मले घरी बी दिसते," ती म्हणायची. "तिच्यासाठी थंडीत कायले मरू?"

गोष्ट घडली ती सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला. त्या पावसाळ्यात हरिदासच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं, ते उलगडेचना. तेल झालं, शेक झाला, ब्रह्मपुरीचा डॉक्टर झाला. बोटांनी जणू ठरवलं होतं, आता झालं तेवढं पुरे. पाय तसेच घोड्यासारखे. पण पेटी काही नुसत्या पायांनी वाजत नाही.

त्यात त्या वर्षीचं नवं नाटक 'बंगल्यात रडते कुंकू'. त्यातला नायक श्रीमंत, कोटवाला, आणि बंगल्यात पियानो वाजवत गाणारा. नायकाचं काम गुणवंतरावांकडे. गुणवंतराव रूपाने राजबिंडे, गळ्याने गोड, पण वाद्यांच्या बाबतीत त्यांना घंटासुद्धा वेळेवर वाजवता येत नसे. आधीच्या नाटकांत अशा वेळी प्लायवूडचा पियानो मांडायचे. गुणवंतराव त्यावर हात फिरवायचे आणि खालून हरिदास पेटी वाजवायचा. यंदा तालमीत हरिदासची दोन बोटं नको तिथे अडकू लागली. प्रेमगीताच्या मध्येच पेटीतून म्हैस हंबरल्यासारखा आवाज आला, आणि नायिका हसत आत पळाली.

दुसऱ्या दिवशी नूरुद्दीनभाईंनी हरिदासला दुकानात बोलावलं. चहा मागवला. दुसरा चहा मागवला. तिसरा मागवताना हरिदास म्हणाला, "नूरुभाई, बोला ना जी. चहा पिऊन पिऊन मी फुटून राह्यलो."

"हरीभाऊ," नूरुद्दीनभाई मुकुटाचे मणी मोजत म्हणाले, "आपनच आपन वाजनारा पियानो असते म्हनते. चंद्रपूरले दोन हायत. एक जुना, साहेबाच्या क्लबातला, भंगारात काढून राह्यले. एक नवीन, दुकानात. कोनता बी घेनं परवडते मले, पन एकच पायजे. तू जा, गुणवंतले ने. तुले जो पसंत, तो आपला."

"मीच निवडू?"

"मग कोन? मले तं तबला नि परात सारखीच."

हरिदास उठला. दाराशी जाऊन त्याने विचारायचं ते विचारलं. "कंपनीच्या मॅटाडोरात ड्रायवरच्या बाजूची जागा माही हाय. पियानो आपनच वाजन, तं त्या जागेवर कोन बसन?"

नूरुद्दीनभाईंनी मणी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

म्हणजे एवढंच होतं. मशीनला माणूस लागला, तर हरिदास मॅटाडोरात. नाही लागला, तर हरिदास घरी, कमलाच्या पोत्यावर सायकल चालवत.

कंपनीत ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. नाटकात आईची कामं करणाऱ्या अंजनाबाई पानाला चुना लावत म्हणाल्या, "अवो माय! मास्तर, बायको नवऱ्यासाठी सवत पसंत करायले निघाली, असं नाटक बी कोनी नाई लिवलं आजपर्यंत. पाहजा, गोरी आनसान का काळी?"

"तुमच्यासारखी बोलकी नसली म्हंजे झालं, बाई," हरिदास म्हणाला; पण एसटीत बसेपर्यंत तो शब्द त्याच्या कानात वळवळत राहिला.

चंद्रपूरचा तो क्लब खाणीवरच्या इंग्रज साहेबांच्या काळचा. छतात पाखरं, भिंतीवर बिनशिंगांच्या सांबराचं डोकं. जंगू आत्राम नावाचा म्हातारा रखवालदार त्यांना आत घेऊन गेला आणि एका कपाटाएवढ्या वस्तूवरची ताडपत्री त्याने ओढली. धूळ बसल्यावर पियानो दिसला. काळा, पोटाड्या, एका पायाखाली वीट.

"मी लहान होतो तवा साहेब लोक नाचत," जंगू सांगू लागला. "त्यायच्या बाया बी नाचत. एकजन इथी बसून नुसते पाय हालवे. पट्ट्या आपल्या मनानं खाली-वर. मले वाटे, आत देव हाय. मी तं दोन-तीनदा नारळ फोडला, कोनाले न सांगता."

त्याने पुढचं झाकण सरकवलं. आत जाड कागदाची गुंडाळी होती, कागदभर बारीक भोकं. पाय मारले की गुंडाळी फिरे, भोकांतून हवा ओढली जाई आणि जिथे भोक, तिथली पट्टी वाजे. ज्या सुराचं भोक, तोच सूर. बोटांचं काम कागद करी, पायांचं काम माणूस.

हरिदास खाली वाकून पाहू लागला. दोन पावट्या. रुंदी तीच, उतार तोच.

तो स्टुलावर बसला. डावा खाली, उजवा वर. आतून दमेकऱ्यासारखा एक मोठा श्वास आला, आणि मग पट्ट्या हलल्या. साहेबी नाचाची कसली तरी चाल. मधले चार-दोन सूर उंदरांनी खाल्लेले, पण बाकी सारी गोळीबंद. हरिदासने आपले हात मांडीवर ठेवले होते. त्या वळलेल्या दोन बोटांसमोर पट्ट्या नाचत होत्या आणि तो नुसता बघत होता. पाय मात्र मजेत होते.

"गाव कोनतं जी तुमचं?" जंगूने मध्येच विचारलं.

हरिदासने पाय उचलले. पियानो गप्प. "आरमोरी," तो म्हणाला, आणि पाय खाली टाकले. चाल जिथे थांबली होती, तिथून पुढे निघाली.

गुणवंतराव कोटावरची धूळ झटकत दूर उभे होते. "मास्तर, याच्यात पाली असतीन," ते म्हणाले.

तिथून ते बाजारातल्या दुकानात गेले. दुकानात थंड हवा होती, आणि अश्विन नावाचा टाय बांधलेला तरुण विक्रेता होता. नवा पियानो पाटासारखा सपाट, चकचकीत, त्यावर हिरवे-लाल दिवे. अश्विनने त्यात एक फ्लॉपी सरकवली, बटण दाबलं आणि हाताची घडी घालून बाजूला उभा राहिला. पियानो असा वाजू लागला, की आत दहा बोटांचे चार उस्ताद बसले असावेत. बाहेर जाणारी माणसं आत डोकावली.

"तुमची कोणतीही चाल आमचे वादक यात भरून देतील. एकदा भरली की वर्षभर तशीच, एक सूर इकडचा तिकडे नाही," अश्विन म्हणाला. "आणि मुख्य म्हणजे काका, याला माणूस लागतच नाही."

हे वाक्य तो बिचारा दिवसभर सगळ्यांनाच सांगत असणार. हरिदासने खिशातला रुमाल काढून चकचकीत लाकडावरून उगाच एकदा फिरवला. "चांगला हाय," तो म्हणाला. आणि तो चांगला होताच.

परतीच्या एसटीत गुणवंतराव खिडकीपाशी बसले. मूल गाव मागे पडल्यावर म्हणाले, "तुमाले तं जुनाच पसंत पडला असन."

"काऊन?"

"पाय हालवायले भेटतेत ना. मानूस लागते त्याले. मी काई म्हनून नाई राह्यलो, मास्तर. ज्याचं त्याचं पोट."

हरिदासच्या आयुष्यात त्याला बेसूर म्हणणारे भेटले होते, काळा म्हणणारे भेटले होते, पण स्वतःचं पोट पाहून कंपनीला खड्ड्यात घालतो असं कोणी म्हटलं नव्हतं. क्लबातल्या त्या काळ्या धुडाने त्याला भुलवलं होतं हे खरं. म्हणूनच ते जास्त झोंबलं. अंजनाबाईंची सवत आठवली. उद्या कंपनीभर हेच होणार: मास्तरने आपली सोय पाहिली. एसटी आरमोरीच्या स्टँडवर लागली तेव्हा हरिदासची मान ताठ झाली होती. अशी ताठ मान माणसाला हमखास खड्ड्यात नेते, पण त्या वेळी ते कोण सांगणार?

"नवा," तो नूरुद्दीनभाईंना म्हणाला. "नवाच घ्या."

नूरुद्दीनभाईंच्या हातातून मुकुट खाली पडला. "नवा? पाह्यलास ना नीट? दोन्ही पाह्यले?"

"दोन्ही पाह्यले. नव्याले मानूस लागत नाई."

"पन हरीभाऊ..."

"तुमी म्हनलं ना, मले जो पसंत तो? मले नवा पसंत."

नूरुद्दीनभाई घरात जाऊन बायकोशी, कमरजहाँभाभींशी, काहीतरी बोलले, आणि आतून भाभींचा आवाज आला, "दोनों के दोनों पागल!" हरिदासला त्याचा अर्थ त्या दिवशी लागला नाही.

दुकानदाराने मशीन आधी वापरून पाहायला दिलं. रंगीत तालीम ठेवली बाजाराच्या दिवशी, दुपारी, राईस मिलच्या आवारात. कारण त्या दिवशी गावोगावच्या मंडई समितीची माणसं आरमोरीला यायची, नाटक बघायची आणि पसंत पडलं तर आपल्या गावासाठी ठरवून जायची. म्हणजे कंपनीचा सगळा हंगाम त्या एका दुपारवर. धानोऱ्याकडच्या एका गावाचे समितीप्रमुख चैतू गावडे पुढच्या खुर्चीवर बसले होते. माणूस दिलदार, पण आवाजाला हलका. आयुष्यभर बोलत आला तरी चौथ्या माणसापर्यंत शब्द पोचायचा नाही. म्हणून माईकवर नाव ऐकण्याची हौस त्यांना इतरांपेक्षा जास्त.

हरिदास रंगमंचासमोर आपल्या जुन्या पेटीशी बसला होता, शेवटचंच म्हणून. फ्लॉपीत चाल त्यानेच गुणगुणून भरवून घेतली होती.

गुणवंतराव कोट घालून पियानोशी बसले. कोणाच्या नकळत बटण दाबलं. सूर धबधब्यासारखे निघाले. गुणवंतरावांनी हात फिरवायला आणि गायला सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर सारं आवार गप्प झालं. असा आवाज त्या धुळीत कोणी ऐकलाच नव्हता. अंजनाबाई विंगेतून म्हणाल्या, "मास्तर, सवत गोरी हाय हो!" हरिदासने मान हलवली. सुंदर होतं. दुसऱ्या कडव्याला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते सुरांमुळे की आणखी कशामुळे, हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

तिसऱ्या कडव्याला चैतू गावड्यांनी बक्षीस पाठवलं.

माईकवाल्याने घसा खाकरला. हरिदासने सवयीने पाय उचलले. पेटी गप्पच होती, ती जास्त काय गप्प होणार! पियानो मात्र वाजत राहिला.

"या गान्यावर खूश होऊन," माईकवाला ओरडला, "धानोरा तालुक्यातले दानशूर..." आणि नेमका तिथेच चालीतला सगळ्यात दणदणीत तुकडा आला. पुढचं नाव, बापाचं नाव, गाव, हुद्दा, सगळं त्यात बुडालं.

"काय म्हनलं? कोनाचं नाव?" चैतू गावडे शेजाऱ्याला विचारू लागले. स्वतःचं नाव असूनही.

इकडे बक्षीस म्हटल्याबरोबर गुणवंतराव उठून पुढे आले होते. एवढ्या वर्षांची सवय. त्यांनी दोन्ही हात जोडले, मान लववली. मागे पियानो एकटाच, रिकाम्या स्टुलासमोर, पट्ट्यांना कोणी हातही न लावता, मन लावून वाजत होता.

आधी पुढच्या रांगेतली एक बाई हसली. मग रांग हसली. मग राईस मिल हसली. कोणीतरी ओरडलं, "अबे, भूत वाजवून राह्यलं!" गुणवंतरावांनी मागे वळून पाहिलं, धावत जाऊन स्टुलावर उडी टाकली आणि जे दिसलं ते बटण दाबलं. गाणं थांबलं, आणि पहिल्यापासून सुरू झालं.

"पुन्हा घ्या नाव!" चैतू गावडे खुर्चीवर उभे राहिले.

"या गान्यावर खूश होऊन, धानोरा तालुक्यातले..." गुणवंतरावांनी दुसरं बटण दाबलं. पियानोतून ढोल-ताशांसारखा कसला तरी डिस्को ठोका सुरू झाला. त्यांनी तिसरं दाबलं. ठोका दुप्पट झाला. नायिका विंगेत नाचू लागली. तिला वाटलं, गाणं बदललं.

"हा माह्या नावाच्या वर बोलून राह्यला!" चैतू गावड्यांचा जन्मात पहिल्यांदा आवाज फुटला; मिलच्या फाटकापर्यंत गेला. "माह्या बापाचं नाव बी खाल्लं यानं! असलं नाटक आमच्या गावाले नोको!" आणि त्यांच्यामागे आणखी दोन-तीन समित्या उठल्या. कारण उद्या त्यांचीही नावं याच मशीनच्या तोंडी जायची होती.

हरिदास उठला. गुडघ्यावर धोतर सावरत रंगमंचावर चढला, पियानोमागे गेला आणि वायर भिंतीतून उपटली.

शांतता पसरली. त्या शांततेत माईकवाल्याने चैतू सोमा गावडे हे नाव गाव-हुद्द्यासकट असं घेतलं, की बाजारातली भाजी विकणारीसुद्धा थांबून ऐकू लागली. गुणवंतरावांनी पुन्हा हात जोडले. पण गाणं? ते तिसऱ्या कडव्यावर तुटलं होतं. वायर लावली असती तर मशीन पहिल्यापासून निघालं असतं. हरिदास खाली उतरला, पेटीशी बसला आणि उरलेल्या बोटांनी तिथूनच उचललं. मध्ये दोनदा म्हैस हंबरली. कोणी हसलं नाही.

तालीम संपल्यावर नूरुद्दीनभाई त्याच्यासमोर येऊन बसले.

"हरीभाऊ, तो जुना. त्याले मध्येच थांबवता येते का?"

"पाय थांबले का थांबते. पाय चालले का तिथूनच चालते."

"आन हे तुले माईत होतं?"

"जंगूनं गाव विचारलं तवा मी थांबलो होतो. बक्षिसाचं ध्यानात नाई आलं." हरिदासने पेटीचं झाकण लावलं. "आन तसं बी, मले वाटलं, जुना म्हनलं तं तुमी म्हनसान, मास्तर आपली जागा सांभाळून राह्यला."

नूरुद्दीनभाईंनी कपाळावर हात मारला. "अबे गध्या! जुना पायानं चालते हे मले पयलेच माईत होतं! मी मालक. मी निवडला असता तं लोक म्हनले असते, नूरुद्दीननं यारीसाठी भंगार आनलं. म्हनून तुले पाठवलं, का तू जुना आनशीन! आन तू मोठा हरिश्चंद्र होऊन आला. घरी तुही वहिनी तवापासून मले शिव्या देऊन राह्यली!"

दोघे हसायला लागले, ते अंजनाबाईंनी पानाचा डबा आपटून थांबवेपर्यंत. "आता ती काळी सवत आना लवकर," त्या म्हणाल्या. "हिची पाठवनी मी करीन."

जुना पियानो आला तेव्हा मंडपवाल्यांची सगळी पोरं लागली उतरवायला. जंगू आत्रामने निघताना नारळ दिला होता, तो फोडला. आतल्या सडक्या नळ्यांच्या जागी हरिदासने सायकलच्या दुकानातल्या वॉलट्यूब बसवल्या आणि भात्याला राक्षसाच्या चिलखताचं कातडं लावलं. साहेबी नाचाच्या चालीवर गाण्याचे शब्द नव्याने बेतले. गुणवंतरावांनी एकदा हौसेने पाय मारून पाहिले. अर्ध्या कडव्यात पोटरीत गोळा आला आणि नायक लंगडत आत गेला. मग नाटकातच बदल केला: नायक उभा राहून गाणार, आणि बंगल्याचे पियानोमास्तर म्हणून हरिदास रंगमंचावर बसणार. संवाद एकही नाही. हरिदासची तेवढीच अट होती. नूरुद्दीनभाईंनी त्याला ड्रेपरीतला साहेबाचा कोट दिला. त्यावर मागल्या नाटकातल्या खुनाचा लाल डाग होता, तो पियानोकडच्या बाजूला येईल असं बघून बसवलं.

मॅटाडोरातली जागा मात्र गेली ती गेलीच. पियानो ट्रकने जायचा, आणि त्याला आधार द्यायला कोणीतरी लागायचं. हरिदास ट्रकच्या मागे स्टूल टाकून पियानोला टेकून बसायचा आणि जाता-येता लोकांचे रामराम घ्यायचा, जयभीम घालायचा.

पहिला प्रयोग चैतू गावड्यांच्याच गावच्या मंडईत. आणि त्या दिवशी कमला आली, कमरजहाँभाभींसोबत, बायकांच्या बाजूला. "आता पाठ नाई, बाजू दिसन," ती म्हणाली होती. "बाजू मी पाह्यली नाई अजून."

गाणं रंगलं. चैतू गावड्यांचं बक्षीस आलं, त्यांच्या भावाचं आलं, गावाच्या पोलीस पाटलाचं आलं. दर वेळी माईकवाल्याने घसा खाकरला की हरिदासचे पाय वर; पियानो आज्ञेतल्या बैलासारखा उभा. नाव झालं की पाय खाली. लोकांना ते इतकं आवडलं, की ते थांबवण्यासाठीच बक्षीस देऊ लागले.

मग कमलाने कनवटीला हात घातला आणि कमरजहाँभाभींकडून काहीतरी माईककडे पाठवलं.

माईकवाल्याने घसा खाकरला. हरिदासचे पाय वर.

"पियानोमास्तर हरिदास बारसागडे यांच्या वादनावर खूश होऊन..."

एवढ्या वर्षांत किती नावांसाठी त्याने श्वास रोखला होता. नटांची बक्षिसं, गायिकांची बक्षिसं. पेटीवाल्याचं नाव असं सुटं, वेगळं, कधी आलं नव्हतं. हरिदास उठला. हात जोडले, उजवी दोन बोटं जुळेनात, ती तशीच राहिली. डोळे भरले, कान बंद झाले, तो पुन्हा स्टुलावर बसला आणि आनंदाने पाय जे सुटले, ते सुटलेच. डावा खाली, उजवा वर. देणाऱ्याचं नाव, गाव, सगळं त्या साहेबी नाचात बुडून गेलं.

"थांबवा ना मास्तर!" चैतू गावडे ओरडले. "तुमचंच बक्षीस सांगून राह्यले!"

हरिदासने तिकडे पाहून मान लववली आणि आणखी जोरात पाय मारले. गुंडाळी संपेपर्यंत कोणाला काही ऐकू आलं नाही.

नाटक सुटल्यावर कमला ट्रकपाशी आली. हरिदास पियानोवर ताडपत्री बांधत होता.

"माहं नाव घेतलं माईकवर," तो म्हणाला. "आयकलं का तू?"

"आयकलं."

"देनारं कोन होतं? मले आयकूच नाई आलं."

कमलाने ताडपत्रीची दोरी त्याच्या हातातून घेतली, कारण वळलेल्या बोटांनी गाठ नीट बसत नव्हती. तिने ती करकचून बांधली.

"पुढच्या मंडईत पाय थांबवा," ती म्हणाली. "मग समजन."